करंजवाडीचे शेलापागोटे

सोलापूर स्टँडवर उमरग्याची गाडी लागली तेव्हा खिडकीच्या जागेसाठी मी एका भरघोस मिशांच्या माणसाशी भांडलो आणि जागा मिळवली. भांडल्याशिवाय मिळालेली वस्तू मला टिकाऊ वाटत नाही. मी जुन्या मोटारी आणि पंप विकत घेतो, दुरुस्त करतो आणि विकतो. या धंद्यात आवाज चढवता आला पाहिजे. मला तो उपजतच येतो.

निघालो होतो करंजवाडीला, माझ्या जन्मगावी. धाकटी बहीण सुमन तिथंच दिलेली आहे. तिची मुलगी प्रज्ञा यंदा दहावीला, आणि दहावीच्या वर्गाचा निरोप समारंभ होता. आमच्या शाळेत निरोपाला शेलापागोटे होतात. ज्यांना ही चाल ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर्गातला एकजण प्रत्येकावर चार ओळींची थट्टा लिहितो. हा पुढं कोण होणार, काय दिवे लावणार, याचं ते भविष्य असतं. ज्याच्यावर लिहिलं त्यानं पुढं यायचं, सगळ्यांदेखत ऐकून घ्यायचं, मग त्याच्या खांद्यावर पंचा टाकायचा आणि डोक्याला कागदाचं पागोटं बांधायचं. झाला तो शाळेतून मोकळा.

माझ्या वर्षी मास्तरांनी सगळ्यांना पागोटी बांधली. मला नाही. आमची वस्ती ओढ्यापलीकडची, आणि छप्पन साली आमच्या लोकांनी धम्म घेतलेला. पागोटं बांधायचं म्हणजे डोक्याला हात लावावा लागतो. माझं नाव यायच्या आधी मास्तर म्हणाले, ‘वेळ संपली.’ ऊन अजून शाळेच्या पायरीवरच होतं. आईनं सकाळी डोक्याला तेल चोपडून भांग पाडून दिला होता. तो भांग तसाच घेऊन मी घरी आलो. लोकांना वाटतं, थट्टा झाली की माणसाचा अपमान होतो. ज्याची थट्टा करायलाही कुणी पुढं येत नाही, त्याला विचारा.

तेव्हा माझं काम एकच होतं. प्रज्ञाच्या डोक्याला पागोटं बांधलं गेलं पाहिजे. नाही बांधलं तर काय बोलायचं, ते मी बोरामणी येईपर्यंत मनात दोनदा बोलून पाहिलं होतं.

नळदुर्गच्या अलीकडं गाडी तापली. पुढच्या जाळीतून वाफा निघाल्या आणि ड्रायव्हरनं ती एका धाब्यासमोर कशीबशी उभी केली. बादलीभर पाण्याचा प्रश्न होता. दोन्ही बाजूंना काळी रानं भेगाळून पडलेली, लांबवर किल्ल्याचे बुरूज, खाली बोरी नदीचं नुसतं वाळूचं पात्र. धाब्यापुढं ट्रकांची रांग होती आणि धाबेवाला रांजणावर हात ठेवून उभा होता.

“पानी न्हाय मिळायचं,” तो म्हणाला. “टँकर परवा आल्ता.”

मिशावाला माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. कपाळाला भस्म, धान्याचा व्यापारी, अक्कलकोटकडचा. त्यानं आधी कानडीत घासाघीस करून पाहिली. उत्तर आलं, “नीरु इल्लारी (पाणी नाही हो).” तो माझ्याकडं वळून म्हणाला, “दोन्ही भाषांत न्हाईच म्हनतोय. खिडकीसाठी भांडलात, आता हितं भांडा की.”

मी धाबेवाल्याला विचारलं, “चहाला पाणी हाय का?”

“चहाला हाय.”

“मग गाडीला का न्हाय?”

“चहाचं पानी इकलं जातं. गाडीनं पिलेलं पानी कोन इकत घेतंय?”

उत्तर चोख होतं. मला असा माणूस आवडतो, पण त्याला ते कळू द्यायचं नसतं. मी म्हणालो, “बरं. गाडी हितंच ऱ्हाऊ द्या. आत बायाबापड्या हैत, लेकरं हैत. दर घटकेला एकेक जण तांब्या घेऊन तुमच्या दारात येणार. लेकराला न्हाय म्हनताल का तुम्ही? एक बादली दिली तर सगळी पीडा उमरग्याला जाती.”

त्यानं गाडीच्या खिडक्यांकडं पाहिलं. प्रत्येक खिडकीत एक लहान तोंड होतं. त्यानं बादली भरली आणि वर म्हणाला, “तुमी काय इकता?”

“जुने पंप.”

“तरीच,” तो म्हणाला.

आष्टामोडला उतरून लोहाऱ्याकडची गाडी धरली. म्हातारी माणसं बोलत होती की बहात्तरचा दुष्काळ परवडला, तेव्हा निदान कडबा होता. वाटेत एका गावाबाहेर जनावरांची छावणी लागली. बैलांच्या बरगड्यांची हाडं गाडीतून मोजता येत होती. त्याच गावाच्या वेशीवर करंजवाडीसकट चार गावांच्या दूध सोसायटीची नवी पाटी, हिरव्या रंगात, आणि खाली रिकाम्या कॅनवर बसून पत्ते खेळणारे संचालक. माकणीकडून धरणाच्या कामाचे टिपर धूळ उडवत येत होते. पाणी येईल तेव्हा येईल, धूळ मात्र आत्तापासून सगळ्यांना सारखी मिळत होती.

करंजवाडीला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. सुमननं हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाचं कढण) आणि शेंगदाण्याची चटणी पुढं ठेवली. ज्वारीची भाकरी पातळ होती, पण तिच्या हातची. दाजी धरणाच्या कामावर मुकादम आहेत, ते धुळीनं पांढरे होऊन आले आणि “जयभीम” म्हणून माझ्या शेजारी टेकले.

प्रज्ञा दाराशी बसून रंगीत पतंगी कागद कापत होती. मी विचारलं, “तुझं पागोटं कुठल्या रंगाचं?”

“माझं न्हाय, मामा. ही सगळ्या वर्गाची हैत. यंदा मीच लिहिणार हाय.”

“म्हंजी?”

“वर्गानं मलाच निवडलं. समद्यांवर मीच लिहिलंय. बांधायचंबी मलाच. आन जो लिहितो त्याला पागोटं नसतं. शाळेचा नियम हाय.”

माझ्या हातातला घास तसाच राहिला. “म्हणजे आपल्या घराला परत न्हायच.”

सुमन म्हणाली, “दादा, आधी जेवा.”

“अगं, पंचवीस वर्षांनी त्यांनी तेच केलं. फक्त आता नियमात बसवून केलं.”

प्रज्ञानं कात्री खाली ठेवली. “तुमच्यावर कुणी बोललं न्हाय, मामा. मला सगळ्यांवर बोलायला दिलंय. ह्यात फरक न्हाय व्हय?”

“बोलायला देणं सोपं असतंय. डोक्याला हात लावणं वेगळं.”

ती पुन्हा कागद कापू लागली. “लई चिडता तुमी,” ती म्हणाली. “तुमच्यावर लिहायला मिळालं असतं तर मजा आली असती.”

सकाळी मी हेडमास्तरांना गाठलं. माझ्या वेळचे मास्तर कधीच गेले. हे लातूरकडचे, मऊ आवाजाचे गृहस्थ. अशा माणसाशी सौदा अवघड जातो, कारण ते भांडतच नाहीत. मी म्हणालो, “शाळेच्या विहिरीला चांगला पंप बसवून देतो. माझ्या भाचीचं नाव पागोट्यात घाला.”

“विहिरीत पाणी नाही,” ते म्हणाले.

“पाऊस पडल्यावर बसवतो.”

“पाऊस पडल्यावर मला पंप लागेल, तेव्हा मी तुमच्याकडंच येईन. पण लिहिणाऱ्याला पागोटं नाही, ही चाल जुनी आहे. तुमच्या वेळीही असेल.”

माझ्या वेळी काय होतं ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तुम्ही समारंभाला पुढं बसा.” मी उठलो तो डोक्यात राग घेऊनच. सौद्यात समोरचा भांडलाच नाही की मला आपण हरल्यासारखं वाटतं.

दुपारी शाळेच्या पटांगणात लिंबाखाली सतरंज्या घातल्या. सगळं गाव आलं होतं, कारण धरणाच्या कामाला सुट्टी होती आणि दुष्काळात फुकट हसायला दुसरीकडं कुठं मिळतंय. पहिल्या रांगेत थोरल्या वाड्याचे आबासाहेब खुर्चीवर काठी धरून बसले होते. त्यांचा नातू विजय याच वर्गात. मी त्यांच्यापासून दोन माणसं सोडून.

प्रज्ञा उभी राहिली. हातात कागदसुद्धा नव्हता. पहिला आला बसवराज, वाण्याचा मुलगा, मॉनिटर होण्यासाठी दरवर्षी भाषणं ठोकणारा. ती म्हणाली, “हा दूध सोसायटीचा चेअरमन होणार. म्हैस दूध देणार, हा भाषण देणार. पुढल्या निवडणुकीत गाव म्हशीला मत देणार.” लिंबाखाली हशा उसळला. सोसायटीचे संचालकही हसले, जरा उशिरा. तिनं बसवराजच्या खांद्यावर पंचा टाकला आणि दोन्ही हातांनी पागोटं बांधून गाठ मारली.

मग बाकावर झोपणारा सलीम. “हा माकणीच्या धरणावर पहारेकरी होणार. धरण चोरीला जाणार, पण हा उठून विचारणार, मधली सुट्टी झाली का.” मग गणिताचे सर. ते निवृत्तीनंतर छावणीत जनावरं मोजणार होते आणि एक कमी भरलं की सगळ्या छावणीला अंगठे धरून उभं करणार होते. तिनं त्यांनाही पागोटं बांधलं तेव्हा सर स्वतःच हसून डोळे पुसत होते. ती एकेकाला बोलवत होती, पागोटी बांधत होती, आणि मी प्रत्येक डोक्यावर तिचे हात पाहत होतो. माळ्याचं, मराठ्याचं, वाण्याचं, मुलाण्याचं.

विजयचं नाव आलं तेव्हा हसणं थोडं आवरलं. आबासाहेबांची काठी स्थिर होती. पोरगा ताडमाड उंच, पुढं येऊन उभा राहिला. ती म्हणाली, “हा साखर कारखाना काढणार. धुराडं बांधायला पैसे उरणार न्हाईत, मग स्वतःच उभा ऱ्हाऊन तोंडातनं धूर काढणार.” पोरं खिदळली. वाड्यामागं त्याच्या विड्या चालतात हे फक्त आजोबांनाच ठाऊक नव्हतं. प्रज्ञानं पागोटं उचललं, पण तिचे हात पोचेनात. तो तसाच उभा. मी सतरंजीवरून अर्धा उठलो होतो.

“वाक की रं, लांबड्या,” ती म्हणाली.

तो वाकला. पटांगण हसण्यानं फुटलं. आबासाहेब हसले नाहीत, पण म्हणाले, “घट बांध, पोरी. ह्याचं डोस्कं हलतंय.”

शेवटचं पागोटं बांधून झालं आणि हेडमास्तर आभाराला उठले. मी त्यांच्या आधी उठलो. “थांबा,” मी म्हणालो. “एक बाकी हाय.”

“नियम सांगितला तुम्हाला,” हेडमास्तर म्हणाले.

“नियम मान्य. लिहिणाऱ्याला पागोटं न्हाय. पण आमच्या वेळी लिहिणारा वेगळा असायचा आणि बांधणारे मास्तर. बांधणाऱ्याला मिळू नये असा नियम कुठं हाय? मघाशी गणिताच्या सरांना बांधलंच की. बाजारात दलाल वेगळा आणि तोलणारा वेगळा. एकानंच दोन्ही कामं केली तर त्याला एक हक्क तरी मिळाला पायजे. लिहिणारी म्हणून देऊ नका. बांधणारी म्हणून द्या.”

हेडमास्तरांनी चष्मा काढला आणि पुसला. माझ्या लक्षात आलं, ते हसू दाबत होते. “बरं, बांधणारी म्हणून,” ते म्हणाले. “पण कोण बांधणार?”

इथं मी तयारी करून आलो नव्हतो. पंचवीस वर्षं मला हाच एक प्रश्न ठाऊक होता, आणि त्याचं एकच उत्तर. कुणीच नाही.

सगळा वर्ग एकदम उठला.

“म्या बांधणार,” बसवराज ओरडला. “तिनं मला म्हशीखाली घातलंय.”

“मला झोपाळू म्हनली ती. पहिला नंबर माझा,” सलीम म्हणाला. विजय दोघांच्या डोक्यांवरून हात लांब करून सांगत होता की उंच माणसाला नीट बांधता येतं. पोरी वेगळ्याच भांडत होत्या. कागद संपला होता, तेव्हा कुणीतरी लिंबाला बांधलेल्या झालरीतला निळा पट्टा ओढून काढला आणि त्याचीच ओढाताण सुरू झाली. प्रज्ञा मधे उभी, लालबुंद, पळायच्या बेतात, आणि तिला तिच्या मैत्रिणींनी दोन्हीकडून धरलेलं. शेवटी पट्ट्याचं एक टोक सलीमनं धरलं, दुसरं विजयनं, आणि बसवराज भाषणाच्या आवाजात म्हणाला:

“ही वकील होणार. कोर्टात गेल्या गेल्या जज्जाला म्हणणार, वाक की रं, लांबड्या. आन हिचा मामा बाहेर पायरीवर बसून निकालाचा भाव करणार.”

गाव माझ्याकडं बघून हसत होतं. माझं डोकं तापलं, सवयीनं. त्या पोराला काहीतरी कडक सुनावायला तोंड उघडलं, तर सुमन पदर तोंडाला लावून हसत होती आणि दाजी मांडीवर थापा मारत होते. मी तोंड मिटलं. प्रज्ञाच्या डोक्यावर चार-पाच जणांचे हात एकदम होते आणि गाठ कुणालाच नीट मारता येत नव्हती.

नंतर चहाच्या वेळी हेडमास्तर जवळ आले. “तुम्हालाही आज एक बांधू का?” त्यांनी विचारलं. मनापासून विचारलं. मी नको म्हणालो. मागाहून मिळालेलं, समजूत काढायला दिलेलं मला नको होतं. आणि तसंही, पोरांनी माझं भविष्य सांगून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत निघालो. प्रज्ञा थांब्यावर आली होती, केस विंचरलेले, हातात इतिहासाचं पुस्तक. परीक्षा तोंडावर होती. मी म्हणालो, “वकिलीला सोलापुरात यावं लागंल. माझ्याकडं ऱ्हा.”

“तुमच्या घरी रोज भांडण व्हईल.”

“वकिलाला सराव नको व्हय?”

गाडी सुटली. या वेळी खिडकी भांडल्याशिवाय मिळाली. बाहेर तेच कोरडं रान, तेच टिपर, तीच पत्त्यांची मैफल. घरी विचारतील, तुझी जुनी अढी गेली का. नाही गेली. ज्या मास्तरांनी भर उन्हात वेळ संपली म्हणून सांगितलं, त्यांना मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. तो व्यवहार वेगळा, आणि तो माझ्या बाजूनं कायम उघडा राहील. हा व्यवहार वेगळा. यात मी एका मुलीच्या डोक्यासाठी दोन हात मागायला गेलो होतो आणि तिथं हातांची मारामारी लागली. इतका नफा मला आजवर कुठल्या पंपात झाला नाही.