बारा जणांची फेरी

किनाऱ्यावरच्या राखीव क्षेत्रात लोकांना फिरवून आणायचं काम ती एकोणीस वर्षं करत होती. आवाज असा कर्कश, की सोबतचे चार गाईड तिला पाठीमागे टिटवी म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. एका फेरीला बारा माणसं, फळ्यांची वाट सोडायची नाही, आणि पुढं वाळूत दोरी दिसली की अलीकडेच थांबायचं. पलीकडे चिखल्यांची घरटी. मूठभर पक्षी तो, उघड्या वाळूवर अंडी घालतो, तीही खड्यांसारखी. पाय पडल्यावरच कळतं.

नवे साहेब आले आणि त्यांनी बाराचे चाळीस केले.

"मागचे काय करतात ते मला दिसणार कसं?" तिनं विचारलं.

"आवाज चढवा, बाई. तो तर आहेच तुमच्याकडे," साहेब हसले.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी रविवारी ती चाळीस जणांना घेऊन निघाली, आणि हे तिनं स्वतःला कधीच माफ केलं नाही.

दोरीजवळ ती पुढच्यांना खेकड्यांची बिळं दाखवत होती. मागे एका गृहस्थाला बायकोचा फोटो काढायचा होता. चौकटीत समुद्र बसेना, म्हणून तो दोरी ओलांडून मागे मागे सरकला. चिखल्याची एक मादी ओरडत उठली आणि पंख मोडल्यासारखी वाळूतून फरफटत पळाली.

"अय्या, लंगडतेय बघा!" कुणीतरी हसलं.

लंगडत नव्हती, माणसाला अंड्यांपासून लांब न्यायला सोंग करत होती. हिला ते कळलं. गर्दी बाजूला सारत ती पोचली, तर तीनपैकी दोन अंडी सपाट.

"चुकून झालं हो," गृहस्थ म्हणाला. "दोन अंड्यांसाठी केवढा तमाशा!"

"बूट काढा."

"काय?"

"बूट काढा आणि खालून बघा. बघायलाच आलात ना? मग बघा नीट!"

त्यानं काढला. बुटाच्या तळाला वाळू आणि पिवळा चिकटा. त्याचा फोटो कुणी काढला नाही. फेरी तिथंच मोडून तिनं सगळ्यांना परत आणलं.

तक्रार झाली. साहेबांनी तिच्याकडे लेखी माफीनामा मागितला.

"लिही दोन ओळी आणि हो मोकळी," घरी नवरा म्हणाला.

"दोन ओळी नाही, दोन पानं लिहिते!"

तिनं दिवस, वेळ, माणसं, अंडी आणि चाळीसचा हुकूम कुणाचा, सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं : 'माफी त्या पक्ष्याची मागायला हवी, आणि ती आपण दोघांनी.' कागद तिकीट खिडकीशेजारी डकवला. साहेबांनी तो टराटरा फाडला आणि तिला घरी बसवलं.

दुसऱ्या दिवशी चारही गाईड बाकावर बसून राहिले. बाराच्या वर एकही माणूस न्यायचा नाही, म्हणाले. आठ दिवस लोक फाटकावरून परत गेले. शेवटी वरच्या कार्यालयानं आकडा वीसवर आणला आणि तिला परत बोलावलं.

"जिंकलो, ताई!" गाईड घरी सांगायला आले.

"कसलं डोंबल जिंकलो? बारावर आठ अजून आहेतच!"

ती कामावर गेली. आता वीस आले की ती दहा-दहा करते आणि त्याच पगारात दोनदा चालते. गुडघे ठणकतात. साहेब दारात उभे असले, तर ती त्यांच्याकडे न बघता पुढे जाते.