मार्टिन कीव्हनीची सही

डेलिया टूमी लहान असताना तिच्या दोन आत्या चुलीपाशी कडाकडा भांडल्या. ते तिनं जिन्याखाली बसून ऐकलं. आजोबांना मातीआड करून आठवडाही झाला नव्हता.

"बापाचे पैसे बँक अडवते म्हणजे काय? बँकेचा बाप होता का तो?"

"ओरडू नकोस. बँकेला दुखवटा कळत नाही, कागद कळतो."

"मग पाज त्या कागदालाच चहा!"

भांडणात कोण जिंकलं ते राहिलं बाजूला. डेलियाच्या डोक्यात मात्र किडा वळवळत राहिला: माणूस गेल्यावर वारसांना मिळेपर्यंत त्याचे पैसे कोणाचे? फादर म्हणाले, देवाचे. बँकवाले म्हणाले, कोर्टाचा कागद आणा.

या कुतूहलापायीच तिचा जन्म गेला म्हणायचा. लग्न केलं नाही. टपालात शिक्के मारता मारता ती गावाची भरवशाची बाई झाली आणि बॅलीकारा गावातले लोक मृत्युपत्रात तिचं नाव घालू लागले: मागचं सगळं डेलियानं निस्तरावं. मग ती कोर्टाचा कागद आणायची, गेलेल्याच्या इस्टेटीच्या नावानं नवं खातं उघडायची, त्याच्या नावाचे चेक त्यात भरायची, देणी भागवून उरलेलं वारसांना द्यायची.

मार्टिन कीव्हनी फेब्रुवारीत गेला. वसंतात गाई व्यायल्या तेव्हा डेलिया त्याच्या बायकोकडे, हनोराकडे, कागद गोळा करायला गेली.

"दुधाचे चेक कुठं ठेवलेस?"

"ठेवतेय कशाला? भरले की, त्याच्या खात्यात. नेहमीसारखी मागं सही करून."

"कुणाची सही?"

"मार्टिनची! डेअरी चेक त्याच्याच नावानं काढते ना?"

डेलियानं कप खाली ठेवला. "अगं हनोरा, मार्टिन गेला."

"मला सांगतेस? मी त्याला शेवटची आंघोळ घातली." मग तिचा चेहरा उतरला. "चुकलं का गं माझं?"

मार्टिनला लिहिता येत नव्हतं. दूध काढायची ती, चेक यायचा त्याच्या नावानं, कारण त्या काळी डेअरीचं खातं घरधन्याचंच असायचं. लग्नापासून त्याची सही तीच करत आलेली. बँकेतल्या नमुना-सहीच्या कार्डावरचीसुद्धा.

"तुरुंगात घालतील मला? गाईंकडे कोण बघेल?"

"आधी मी बँकेत जाऊन बघते," डेलिया म्हणाली. तिला काळजी होतीच, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त नवल वाटत होतं.

बँकेचा साहेब, लव्हेल, डब्लिनहून नवा आलेला. त्यानं मृत्यूचा दाखला, मृत्युपत्र आणि चेक टेबलावर मांडले.

"मिस टूमी, मृत्युपत्रावर सहीच्या जागी फुली आहे आणि मरणानंतरच्या चेकांवर झोकदार सही. वर जाऊन लिहायला शिकला का हा?"

"फुली त्याची, साहेब. सही तिची. तुमच्या कार्डावरची पण तिचीच. जुळवून बघा."

त्यानं बघितलं. तंतोतंत.

"म्हणजे आमच्या बँकेनं मार्टिन कीव्हनीची सही कधी पाहिलीच नाही?"

"कुणीच नाही पाहिली." डेलिया खुर्ची पुढे ओढून बसली. "त्या खात्यातनं एक छदाम बाहेर गेलेला नाही. ती अंडी विकून भागवतेय. सगळा पैसा इस्टेटीच्या खात्यात वळवा, देणी फिटली की तो तिचाच. फुलीला दोन साक्षीदार आहेत, दोघं अजून जिवंत. बोलवू?"

लव्हेलनं चेक गोळा करून फायलीत घातले. "साक्षीदार राहू देत. बाईंना आणा. स्वतःच्या नावानं खातं उघडायला."

हनोरा रविवारी चर्चला जायची टोपी घालून आली. पेन हातात धरलं आणि सवयीनं 'मार्टिन' लिहून बसली.

साहेबानं दुसरं कार्ड सरकवलं. या वेळी अक्षरं कोंबडीच्या पायांसारखी फाकली, पण नाव तिचं होतं.

"ही चालेल?"

"चालेल. पण यापुढे हीच हं, बाई."

डेअरीनंही चेकवरचं नाव बदललं. पुढं पुष्कळ वर्षं हनोरानं स्वतःचे चेक स्वतः भरले.

ती गेली तेव्हा डेलियाचे गुडघे पार गेले होते. तरी हनोराच्या मृत्युपत्रात नाव डेलियाचंच. दुधाचा शेवटचा चेक आला तशी ती बसनं बँकेत गेली. रांगेत उभी राहिली. दोरीला बांधलेलं पेन चालत नाही म्हणून काउंटरवरच्या पोरीला दोन शब्द सुनावले. स्लिपवर 'कै. हनोरा कीव्हनी यांची इस्टेट' असं लिहिलं, खाली आपली सही केली, चेक आत सरकवला, पावती हातमोज्यात खोचली आणि परतीच्या बसला अजून वेळ आहे म्हणून समोर चहा प्यायला गेली.