हमालांच्या आकड्यांची भिंत

अकोल्याच्या कापूस बाजारातला हमाल मंडळाचा दगडी हॉल म्हणजे म्हाताऱ्या नत्थुजी हमालाचा जीव. आजोबांच्या पिढीनं दिवसभर पोती वाहून, संध्याकाळी स्वतःच्याच पाठीवर दगड आणून तो उभा केला होता. तिथं एक रीत होती. हमाल गेला की त्याचा पोतं ओढायचा लोखंडी आकडा आतल्या भिंतीवर टांगायचा. पुण्यतिथीला घरचे येऊन त्याला हार घालत.

मंडळाच्या सभेत सचिव श्याम म्हणाला, हॉल लग्नांना भाड्यानं देऊ. "अमरावतीची इव्हेंटवाली पार्टी तयार आये. जुन्या दगडासाठी लोक येडे होऊन राहिले, काका!" श्याम हा नत्थुजीच्या जोडीदाराचा, महादेवरावाचा पोरगा. बाप गेल्यावर नत्थुजीनंच त्याला शिकवलं. म्हातारे अडून बसले, भिंतीचं काय? तेव्हा श्यामनं बापाच्या आकड्यावर हात ठेवला.

"भिंतीले कोणी बोट नाई लावणार."

आता, हमालांत आकड्यावर हात ठेवून दिलेल्या शब्दावर सही मागणं म्हणजे माणसाच्या थोबाडीत मारणं. तरी कोणीतरी म्हणालंच, लिहून घ्या. त्याच्यावर नत्थुजीच खेकसला, "महादेवचं रक्त आये ते! मी सांगून राहिलो ना?" झालं! म्हाताऱ्यांनी, मेलेल्या हमालांच्या बायकांनी, सगळ्यांनी हात वर केले.

पहिल्या लग्नाला नत्थुजी धुतलेलं धोतर नेसून गेला, तर भिंत पांढरीफटक! वर कागदी गुलाब, खाली फोटोसाठी सोफा. आकडे मागच्या दाराशी पोत्यात, भंगारवाल्यासाठी भरून ठेवलेले.

"कावून रे, श्याम?"

"गंजलेलं लोखंड, काका. फोटोत बरं नाई दिसत. पार्टीची अटच होती, पयलेपासून."

पयलेपासून! म्हणजे बापाच्या आकड्यावर हात ठेवला तेव्हाच या मेल्याला ठाऊक होतं. नत्थुजीनं पोत्यातून तांब्याची तार गुंडाळलेला आकडा उपसला अन् श्यामच्या हातात कोंबला.

"हा तुह्या बापाचा. भंगारात तूच टाक."



तेवढ्यात देवमन हमालाची बायको पार्बताबाई मागच्या दारानं आली. आज देवमनची पुण्यतिथी. पुढून तिला कोणी आत सोडलं नव्हतं. तिनं भिंत पाहिली, पोतं पाहिलं. हातातला झेंडूचा हार तसाच राहिला.

"वहिनी, या श्यामनं दगा देल्ला आपल्याले," नत्थुजी घाईघाईनं म्हणाला.

पार्बताबाईनं श्यामकडं पाहिलंसुद्धा नाही.

"श्यामले कोण ओयखते, भाऊ? मी त तुमच्या शब्दावर हात वर केला होता."