चंदावल

दुपारची जेवणं उरकली आहेत, भांडी पालथी घातली आहेत, आणि वृषाली घटकाभर पाठ टेकावी म्हणून बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर आडवी झाली आहे. झोपायचं तिच्या मनात नाही. आतल्या खोलीत रणजित, तिचा धाकटा भाऊ, बॅग भरतो आहे. चेन ओढल्याचा आवाज येतो, थांबतो, पुन्हा येतो. संध्याकाळी तो पुण्याला निघेल आणि तिथून मस्कतला. आप्पांचे, त्यांच्या वडिलांचे, दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि एवढ्या काळात बहीणभावाचं बोलणं 'भात वाढू का' आणि 'गुरुजी आलेत' यापलीकडे गेलेलं नाही.

तो बोलला होता ते फोनवर, आधीच. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या होत्या: आप्पांना श्वासाच्या मशीनवर ठेवायचं, नाहीतर घरी न्यायचं. रणजित म्हणाला होता, मशीनवर ठेव, मी निघालोच. वृषालीने आप्पांना घरी आणलं. ते स्वतःच्या पलंगावर, खिडकीकडे तोंड करून गेले तेव्हा रणजितचं विमान अजून आकाशात होतं. उतरल्यावर त्याने फोन केला. "आप्पांनी खिंड लढवली असती, ताई. हत्यार तू खाली ठेवलंस."

तिने फोन ठेवून दिला होता. आणि आज तो चालला आहे.

डोळे जड होतात. चेनचा आवाज लांब जातो, बारीक होतो, आणि मग तो चेनचा राहतच नाही. कोणीतरी फळ्यावर खडूने रेघ ओढतं आहे.

कॉलेजातली संरक्षणशास्त्राची खोली आहे. तरुणपणी काही वर्षं सैन्यात काढून आप्पांनी पुढची सगळी नोकरी याच खोलीत केली. मधोमध टेबलाएवढा लाकडी हौद, त्यात वाळू, आणि वाळूत दोन टेकड्या, एक नदी, नदीवर काड्यांचा पूल. आप्पा हौदापाशी उभे आहेत. इस्त्रीचा बुशशर्ट, बाह्या दुमडलेल्या. बाक सगळे रिकामे आहेत, तरी ते हजेरी घेतल्यासारखी नजर फिरवतात.

"उशीर झाला," ते म्हणतात.

"भांडी होती, आप्पा."

"बरं. ये. समज, तू राजा आहेस."

"मी नाही होत राजा."

"इथं कोणीच अर्ज करून राजा होत नाही. बघ. तुझं सैन्य नदीपलीकडं आहे. शत्रू टेकडीवर. पूल अजून शाबूत आहे, पण किती वेळ, सांगता येत नाही. तुझा सेनापती निरोप धाडतो, 'अजून लढतो.' काय करशील?"

वृषाली वाळूकडे बघते. नदीतून खरंच पाणी वाहतं आहे, बोटाएवढं. "सेनापतीचं ऐकेन. तो तिथे आहे, मी इथे."

"सेनापती लढतो असंच म्हणणार. त्याला दुसरं काही म्हणायला शिकवलेलं नसतं. त्याला समोरचं दिसतं. मागचा पूल त्याला दिसत नाही."

"मग कोणी ठरवायचं?"

"ज्याला पूल दिसतो त्यानं."

पाणी हौदाच्या काठावरून खाली सांडतं. आप्पा दार उघडतात आणि ते दोघं दवाखान्याच्या लांब बोळात उभे असतात. स्पिरिटचा वास आहे. भिंतींवर पाण्याचे कवडसे हलत आहेत, पायांखाली फरशी आहे आणि फरशीवर वाळू. एका लोखंडी खाटेवर गवत उगवलं आहे, आणि एक घोडा ते निवांत खातो आहे. एक नर्स शेजारून जाते आणि घोड्याला वळसा घालून औषधांची गाडी पुढे ढकलते.

"आप्पा," वृषाली विचारते, "तुम्हाला लढायचं होतं का?"

"होतं की."

ते इतक्या सहज म्हणतात की तिला भिंतीला हात लावावा लागतो. भिंत ओली आहे.

"आणि रणजितची वाट बघायची होती?"

"होती. तो लहानपणापासून उशिराच येतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात याचा मावळा पडदा पडल्यावर आला होता."

"मग मी चुकले."

"आता पेपर तपासायचं काम माझ्याकडं नाही," आप्पा म्हणतात. "निवृत्त माणूस आहे मी." मग घोड्याच्या मानेवरून हात फिरवत म्हणतात, "घरीही यायचं होतं, वृषा. खिडकीतून आपला शेवगा बघायचा होता. दोन्ही गोष्टी एकदम हव्या होत्या. आणि दोन्ही मिळण्यासारख्या असतात तेव्हा राजा कशाला लागतो? शिपाईसुद्धा निभावून नेतो. एकच मिळणार असते, तेव्हा कोणाला तरी ठरवावं लागतं. आणि मग ते त्याच्या नावावर राहतं. इतिहासात आणि घरातही."

"रणजित म्हणतो, मी हत्यार खाली ठेवलं."

"त्याला माझ्या पेपरात किती पडायचे? पस्तीस. 'माघार' लिहायचं तिथं 'पराभव' लिहायचा. सगळी पोरं लिहायची. मी तांबडी रेघ मारून दमलो. अरे, पळ वेगळा, शरण जाणं वेगळं, माघार वेगळी. आमची आई दिवेलागणीला बांधावरून हाक मारायची, 'पोरांनो, माघारी फिरा.' आम्ही काय हरत होतो होय तिथं? घरी जात होतो."

बोळ संपतो. पुढे नदी आहे, हौदातली तीच, पण आता खरी, रुंद, दुपारच्या उन्हात पांढरी. पलीकडच्या काठावर त्यांचंच घर दिसतं. खिडकीपाशी शेवगा आहे. अंगणात कोणीतरी पाठमोरं उभं आहे आणि बॅगेचा पट्टा पुन्हा पुन्हा खांद्यावर सारतं आहे.

वृषाली मागे वळून बघते. बोळाच्या त्या टोकाला अतिदक्षता विभागाचं दार अजून दिसतं आणि दाराबाहेरची निळी खुर्चीही. खुर्चीवर तिचीच शाल आहे.

"तिथं कोण बसलंय?" आप्पा विचारतात.

"मी."

"अजून?"

वृषाली पुन्हा नदीकडे वळते.

"सैन्य मागं फिरतं तेव्हा सगळ्यांत शेवटी जी तुकडी राहते, शत्रूला थोपवून धरते, तिला काय म्हणतात?"

हे तिला नऊ वर्षांची असल्यापासून पाठ आहे. "चंदावल."

"चंदावलीचं काम काय?"

"बाकीचे पार होईपर्यंत थांबायचं."

"आणि मग?"

"मग काय?"

"बघ. पहिल्या नंबरानं पास होणारीसुद्धा अर्धंच उत्तर लिहिते." आप्पा हसतात, आवाज न करता, खांदे हलवून. "मग चंदावलीनंही निघायचं असतं. मी पार झालो ना? झालो. आता तिथं बसून कोणाला थोपवते आहेस?"

नदीचा आवाज वाढतो. वृषालीच्या चपला हातात आहेत. कधी काढल्या ते तिला आठवत नाही.

"रणजितला काय सांगू?"

"आधी नदी ओलांड. पाण्यात उभं राहून भाषण करू नये, पाय सुटतो." ते तिचा डावा हात हातात घेतात. त्यांचा हात कोरडा आहे, उबदार, सुई टोचल्याची एकही खूण नसलेला. अंगठ्याने ते तिच्या घड्याळाचा पट्टा सोडवतात, घड्याळ फिरवतात, तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला घेतात आणि पट्टा पुन्हा लावतात. "उघड्यावरून जायचंय. काच उन्हात चमकते, लांबून दिसते. आत ठेवावी."

"तुम्ही येता ना?"

"मी माघारी आलोय की," ते म्हणतात, आणि पाणी तिच्या घोट्यांना लागतं, गार, इतकं गार की तिचे डोळे उघडतात.

पंखा फिरतो आहे. पायांवरचं पांघरूण खाली घसरलं आहे. ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं आहे. घरात चहाचा वास आहे.

रणजित दारात उभा आहे, दोन्ही हातांत कप. तो तिला उठवायला आला असावा, पण उठवावं की नाही हे त्याचं ठरत नसावं. "चहा टाकला होता," तो म्हणतो. "तुझा साखरेचा अंदाज नाही मला." मग तो तिथेच थबकतो. तिच्या हाताकडे बघतो.

"घड्याळ असं कधीपासून घालायला लागलीस?"

वृषाली मनगट वर करते. तबकडी आतल्या बाजूला, नाडीवर आहे. बक्कल नीट लावलेलं आहे.

"आप्पा घालायचे तसं," रणजित म्हणतो. तो कप खाली ठेवतो, दिवाणाच्या कडेवर टेकतो. बोटाने चहावरची साय बाजूला काढतो. मग म्हणतो, "घरी आणल्यावर... काही बोलले का गं ते? मला कोणीच काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही."

वृषाली पाय आखडून त्याला जागा करून देते.

"शेवग्याला शेंगा किती लागल्यात ते विचारलं," ती सांगू लागते. "आणि तुझी फ्लाइट कुठवर आलीये ते. एकदा नाही, सारखंच."

तिच्या मनगटाच्या वरच्या बाजूला, जिथे एरवी तबकडी असते, तिथे उन्हाने न रापलेला एक पांढुरका गोल उघडा पडला आहे. रणजित ऐकता ऐकता त्याच्यावर बोट ठेवतो आणि तसंच ठेवून ऐकत राहतो.