तुळशीखालचा दगड

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की सगळ्यात आधी हसणारी मी! सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. जे पुन्हा करून दाखवता येत नाही ते मी मानतच नाही. म्हणजे... मानत नव्हते.

आम्ही अमेरिकेत, अटलांटाजवळच्या अल्फारेटाला राहतो. बॅकयार्डच्या टोकाला जुना ओक, त्याला लागून ओढा. एप्रिलमध्ये साताऱ्याहून सासरे आले. त्यांना ओकच्या मुळाशी पाटाएवढा सपाट दगड दिसला, वर फुली कोरलेली. "तुळशीच्या कुंडीखाली छान बसेल," म्हणाले. त्यांनी आणि मी तो उपटून घरामागच्या लाकडी डेकपाशी आणला. हळदकुंकूसुद्धा वाहिलं!

दुसऱ्या दिवसापासून आमची सहा वर्षांची इरा त्या खड्ड्यापाशी मूठ आवळून उभी राहायला लागली. विचारलं तर म्हणे, "द मॅन विथ द चेन सेड होल्ड इट." मला वाटलं, खेळतेय.

शेजारच्या मिस मार्थांना सहज सांगितलं, तर त्यांचा चेहराच उतरला. म्हणाल्या, इथे सगळं जंगल होतं तेव्हा एका सर्व्हेयरने लोखंडी साखळीने हा भाग मोजला. पुढे तो निवडणूक जिंकून मोठा पुढारी झाला. पण लोक म्हणायचे, ओढ्याकाठची जमीन आपल्या वाट्याला यावी म्हणून त्याने हद्दीचा दगड सरकवला. दाद कुणाकडे मागणार? कायदे करणाऱ्यांत तोच जाऊन बसलेला!

"म्हणजे बांध कोरला की!" घरी येऊन सांगितलं तर सासरे म्हणाले. "आमच्याकडे म्हणतात, बांध कोरणाऱ्याला मेल्यावरही सुटका नाही."

"बाबा, प्लीज... इरासमोर नको," मी म्हटलं.

त्याच आठवड्यात शनिवारी दुपारी आभाळ काळंकुट्ट झालं. फोनवर वादळाचा अलर्ट, विजा कडाडतायत, नवरा नेमका टूरवर — आणि इरा ओकखाली! मी धावत जाऊन तिला ओढलं. ती हलेना. देवाशपथ सांगते, तिच्या मुठीला समोरून ओढ होती. मी खेचलं की तिकडूनही तेवढंच खेचलं जायचं. "आय कान्ट लेट गो, मम्मा!" ती रडत होती. मीही रडत होते.

बाबा दगड छातीशी धरून धापा टाकत आले. खड्ड्यात ठेवला. काही नाही, मूठ तशीच. मग ते एकदम थबकले.

"अगं सूनबाई, इथेच तर त्याने तो सरकवून ठेवला होता!" ते इरापुढे गुडघ्यांवर बसले. "बाळा, तो माणूस कुठे उभा आहे?"

इराने दुसऱ्या हाताने आमच्या लॉनच्या मधोमध बोट दाखवलं. बाबांनी दगड उचलून तिथे नेला. तो जमिनीला टेकला आणि तिची मूठ सुटली. तळहातावर गंज होता, आणि कडीचा गोल वळ. मी तिला उचलून घरात पळाले.

तेव्हापासून दगड लॉनच्या मध्येच आहे. एचओएवाले, म्हणजे इथली सोसायटी, कुरकुर करतात, नवरा चेष्टा करतो. करू दे. भास म्हणावा, तर गंज मी आणि बाबांनी मिळून धुतला. पुन्हा करून बघायची हिंमत मात्र अजिबात नाही.

पण मागच्या आठवड्यात गवत कापणाऱ्याने दगड बाजूला सरकवला. मला पत्ताच नव्हता. इरा शाळेच्या बसमधून उतरली ती डाव्या हाताने दप्तर सांभाळत. उजवी मूठ बंद. मी पुढे होऊन दप्तर घेतलं.

"मम्मा," ती हळूच म्हणाली, "ही इज मेजरिंग अगेन."

दप्तर तिथेच रस्त्यावर टाकून मी दगडाकडे धावले.