चारातला एक वाटा

माझे मामा ससे पाळायचे आणि दुकानदारांना विकायचे. गिऱ्हाइकांना पांढरे ससे हवे असत, आणि मामांची जोडी राखाडी. पण नरमादी दोघांच्याही रक्तात पांढरा रंग लपलेला होता, त्यामुळे सरासरीने चारातलं एक पिल्लू पांढरं निघायचं. तेवढ्या भांडवलावर मामा छातीठोकपणे सांगायचे, "गेल्या वेताला पांढरी जास्त आली, आता सगळी राखाडी येणार." अंदाज चुकला की शिव्या सशांना. हिशेबच चुकत असेल, हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलं नाही.

त्यांच्या मुलीला, म्हणजे माझ्या ताईला, पहिली मुलगी झाली ती रक्ताचा आजार घेऊन. दर महिन्याला दवाखाना, हाताला सुई, पिशवीभर परकं रक्त. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. आईकडून दोष येण्याची शक्यता निम्मी, वडिलांकडून निम्मी. दोन्हीकडून आला तरच आजार; निम्म्याचं निम्मं म्हणजे चारात एक. आणि हा हिशेब प्रत्येक मुलाच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. मामांनी यातलं चारात एक तेवढं उचललं, बाकीचं कानाआड केलं.

ताईला पुन्हा दिवस गेले. पोटात सुई घालून करायच्या तपासणीची तिने धास्तीच घेतली होती. मामा म्हणाले, "काही नको तपासणी. चारातला वाईट वाटा एकाचा, तो येऊन गेला. आता पुढची तिघं ठणठणीत." नात तिथेच खेळत होती. मला मामांचा असा राग आला! पण ताईला नेमकं हेच ऐकायचं होतं. ती तपासणीला गेलीच नाही.

त्याच आठवड्यात सशाच्या नव्या पिल्लांच्या अंगावर लव दिसायला लागली. आधीच्या वेतात निम्मी पांढरी होती, म्हणून या खेपेला मामांच्या मते एकही पांढरं नको होतं. सहातली चार पांढरी निघाली. दुकानदार म्हणाला, "लॉटरीच लागली की तुम्हाला!" मामा हातही न धुता तसेच ताईकडे गेले.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "उद्याच तपासून घेऊ."

ताई त्यांच्याशी धड बोलली नाही, पण गेली.

निकाल चांगला आला. बाळाला आजार नव्हता. ताई दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडली. नातीला त्या दिवशी रक्त चढत होतं. मामा तिला सांगायला आत गेले, मागोमाग मी.

"बाळ एकदम बरं आहे," मामा म्हणाले.

"मला माहीतच होतं," ती ऐटीत म्हणाली. "वाईट वाटा मी घेतला ना, आजोबा! मग त्याला कसा येईल?"

एकदा तोंडघशी पडलेल्या माणसाला खरं बोलायची फार घाई असते.

"नाही गं राणी, तसं नसतं. प्रत्येकाचं वेगळं असतं. तुझ्या आजाराचा बाळाशी काही संबंध नाही. मीच चुकीचं सांगितलं होतं."

तिने सुई टोचलेल्या हाताकडे पाहिलं.

"मग मला उगाचच झालं?"