द्राक्षबागेतला भूतकाळ

पुण्यात स्पॅनिशचा क्लास लावला तेव्हा वडिलांनी एकच अट घातली. "यंदाच्या परीक्षेत पास झालीस तर पुढचं वर्ष. न्हाईतर क्लास बंद." स्पॅनिश कशाला, हे आमच्या गावात, पिंपळवंडीत, कुणाकुणाला समजावणार? मला ती भाषा लई आवडायची, बस्स. सुटली असती तर महिनाभर रडले असते.

घोडं अडलं भूतकाळापाशी. एकाच क्रियापदाची सहा रूपं, 'मी'चं वेगळं, 'तू'चं वेगळं. पाठ करायला वेळ कुठला? शनिवारी घरी आलं की बागेत थिनिंग, म्हणजे दाटलेल्या घडातले जादा मणी बारीक कात्रीनं काढायचे. मान वर, हात वर, दिवसभर. मग मी 'कापणं' हेच क्रियापद धरलं. एक मणी, एक रूप. कोर्ते, कोर्तास्ते, कोर्तो, कोर्तामोस, कोर्तास्तेइस, कोर्तारोन. मी कापलं, तू कापलंस, तिथून थेट त्यांनी कापलंपर्यंत.

पलीकडच्या ओळीत आई आणि काकू होत्या. "कुणाला शिव्या देतीस गं?" काकूनं विचारलं. सांगितल्यावर दोघी हसून हसून वाकल्या. पण दुपारपर्यंत त्यांच्या कात्र्या त्याच तालावर चालायला लागल्या. मी एखादं रूप गाळलं की आई ओरडायची, "ए, मधलं खाल्लंस!"

तोंडी परीक्षेत बाईंनी स्पॅनिशमध्ये विचारलं, "काल काय केलंस?" आणि अहो, डोकं एकदम कोरं! हात मांडीवर गप्प, तर तोंडही गप्प. आता कसलं पुढचं वर्ष! मग टेबलाखाली बोटं हलवली, कात्री चालवल्यासारखी. सुटलं की तोंड! मी कापलं, आईनं कापलं, आम्ही सगळ्यांनी कापलं. बाईंना वाटलं, ही कॉपी करतेय. त्यांनी वाकून पाहिलं आणि मोकळी बोटं चालताना बघून त्यांनाच हसू आवरेना.

निकाल लागला तेव्हा थिनिंग अजून चालूच होतं. मी बसमधून उतरले ती थेट बागेत. "पास!"

वडिलांनी घाम पुसला. "मंग पुढचं वर्ष कधी सुरू व्हतंय?"

माझे डोळेच भरले. तेवढ्यात पानांआडून आईचा आवाज आला, "आता दुसरं कायतरी आण बाई. हे आमाला पाठ झालंय."